घोंगडी : वारीच्या वाटेवरचं लोकरीचं छत्र

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखी निघते, तेव्हा मृग-आर्द्राचा पाऊस डोक्यावर असतो. आज सर आली की सगळी दिंडी प्लॅस्टिकचा कागद पांघरते. पण शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही दिंडी सुरू केली, त्या पिढीजवळ कागद कुठला? त्यांच्या खांद्यावर घोंगडी होती. पावसात तिचं घोंगतं करायचं, मुक्कामाला तीच अंथरायची, रात्री तीच पांघरायची. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून भिजली तरी ऊब देते.

ही घोंगडी दोन घरांच्या कष्टातून होते. धनगर मेंढ्या राखतो आणि लोकर कातरतो. सणगर ती विणतो. आपल्या दख्खनी मेंढीपासून वर्षाला किलोभरही लोकर मिळत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीचं मऊ जावळ वेगळं काढतात. लोकर पिंजायची, चरख्यावर कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, मग खड्ड्याच्या मागावर विणायची. रंगाचं काम मेंढीनेच केलेलं असतं. काळ्या अंगावर पांढरे पट्टे उठतात, त्यांना रंगाचा थेंब लागत नाही.

शेतालाही हीच मेंढी लागते. माण, खटाव, आटपाडीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन चाऱ्यासाठी बाहेर पडतात, काही थेट कोकणात उतरतात. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला सांगतो. रात्रभराच्या लेंड्या-मुताने जमीन खतावते. मेंढपाळाला बदल्यात धान्य मिळायचं, आता पैसेही मिळतात.

विठोबाचंही या माणसांशी जुनं नातं आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात देवाचं मूळ धनगर-गवळ्यांमध्ये शोधलं. हे मत कोणाला पटो न पटो, वाटेवर साक्ष दिसतेच. बारामती तालुक्यातल्या काटेवाडीत तुकोबारायांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. त्याने कळपावर रोगराई येत नाही, अशी धनगरबांधवांची श्रद्धा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात.

आता मात्र लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरणीची मजुरी निघत नाही म्हणून कित्येक मेंढपाळ ती टाकून देतात. मटणाला भाव आहे, म्हणून अनेकांनी कमी लोकरीची, लवकर वाढणारी माडग्याळ मेंढी धरली. सणगरांची पोरं दुसऱ्या कामाला लागली. माग बंद पडला की हातातली कलाही जाते; ती पोथीत लिहून ठेवता येत नाही.

कागद हलका आहे, स्वस्त आहे, म्हाताऱ्या माणसाला सोसतो. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तो एका वारीत फाटतो आणि वाटेवर पडतो. घोंगडी वर्षानुवर्षं टिकते. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने आपण एवढं तरी करू : दिंडीतल्या विणेकऱ्याच्या अंगावर आणि कीर्तनाच्या बैठकीला हातमागाचीच घोंगडी असावी, आणि ती सणगराच्या दारात जाऊन, घासाघीस न करता घ्यावी. रिंगणात मेंढ्यांना हात जोडायचे आणि त्यांची लोकर उकिरड्यावर जाऊ द्यायची, हे आपल्या माळेला शोभत नाही.

राम कृष्ण हरी.