विजापूरची तंबाखू आणि बादशहाचे दोन झुरके

परदेशाहून आलेल्या मेहुण्याने परवा एक सिगार हाती ठेवला. वर्षाकाठी चार-दोन सिगारेटी ओढणारा मी, सिगार प्रथमच. नेरूळच्या घराच्या गच्चीत तो पेटवला आणि सवयीने पहिला झुरका थेट छातीत घेतला. ठसका लागून डोळ्यांत पाणी आले. धूर तोंडातच घोळवायचा असतो, हे कळेपर्यंत तीन झुरके झाले होते. चव ओल्या पाचोळ्याची, मागाहून किंचित कॉफीची. ‘पुरे आता,’ असे पत्नीने दोनदा बजावले. नेमका इथेच मला असद बेग आठवला.

असद बेग हा अकबराच्या पदरचा अधिकारी. इब्राहीम आदिलशहाची कन्या आणि शहजादा दानियाल यांचा विवाह १६०४ साली झाला. त्या सोयरिकीच्या निमित्ताने तो विजापुरी होता. पोर्तुगीजांचे गोवे तेथून फार दूर नाही. तंबाखू त्याने विजापुरातच प्रथम पाहिली आणि आग्र्याला परतताना बरोबर नेली. ती नुसती पुडीत बांधून मात्र नव्हे! रत्ने व मीनाकारीने मढवलेली लांब नळी, यमनी अकीकाचे मुखनाळ, सोन्याचे अग्निपात्र, आणि हे सारे चांदीच्या तबकात मांडलेले.

बादशहाने हे काय म्हणून विचारले. मक्केची यात्रा करून आलेल्या खान-इ-आझमने उत्तर दिले, ही तंबाखू, औषध म्हणून आणली आहे. हकीमाने मनाई केली. तरीही असदचे मन राखण्यासाठी अकबराने दोन-तीन झुरके घेतले. मग वाद जुंपला. आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, अपरीक्षित वस्तू बादशहाने घेऊ नये, असे हकीमाचे म्हणणे. असद म्हणाला, जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. अकबराला हे पटले. त्याने स्वतः मात्र नळी पुन्हा ओठांना लावली नाही.

ग्रंथप्रामाण्याविरुद्धचा नमुनेदार युक्तिवाद म्हणून हा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. आता वाटते, मी हकीमावर अन्याय केला. फिरंगी वैद्यांनी तंबाखूची स्तुती लिहिली आहे, हाही त्या दरबारात पुढे आलेला मुद्दा होता. म्हणजे असदच्या बाजूलाही ग्रंथच होते, फक्त परक्यांचे. पुरावा कोणापाशीच नव्हता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे डॉल आणि हिल यांचे संशोधन यायला १९५० साल उजाडावे लागले.

भाषेने मात्र पाहुणीला झटकन घरात घेतले. ‘तंबाखू’ फिरंग्यांकडून आली, ‘चिलीम’ फारसीतून, ‘चिरूट’ तमिळमधून. आणि ‘विडी’ तर आपल्या पानाच्या विड्याचीच लेक.

असदने उरलेली तंबाखू अमीरउमरावांत वाटली. मागणी वाढली, व्यापारी ती विकू लागले. १६१७ साली जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली, तोवर फार उशीर झाला होता. माझा अर्धा सिगार अजून टेबलाच्या खणात आहे.