वालाच्या शेंगांवरचा आळ

चिरनेर म्हटलं की लोकांना २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. आज मात्र गावातल्या एका घराची गोष्ट सांगते, आणि तिच्यामागचा रक्ताचा इतिहास.

१९७८ च्या थंडीत माझ्या वर्गातल्या एका मुलाने घरी पोपटी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सणसणून ताप, छातीत कफ. औषध सुरू होण्याआधीच लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. पुढे मुंबईत रक्त तपासलं. तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी निघालं. मुलगा वाचला. पण 'अशांना शेंगा बाधतात' असं कुणीतरी म्हणालं आणि आईने घरातून वाल कायमचा बंद केला. "मीच खाऊ घातलं हो, बाई," म्हणून रडायची. मी मराठी शिकवणारी, काय उत्तर देणार?

निवृत्तीनंतर वाचत गेले. बाधते ती भूमध्य समुद्राकडची बाकल्याची शेंग. आपला वाल वेगळा! मग मुलाचं रक्त फुटलं कशाने?

१८८२ मध्ये मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या अळीत काटा टोचून पाहिलं, तर पेशी काट्याभोवती गोळा झाल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अशाच जंतूंना गिळतात. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं. १९३३ मध्ये दिसलं की जंतू गिळताना या पेशी एकदम जास्त प्राणवायू ओढतात. कशासाठी, ते नंतर उलगडलं. त्या प्राणवायूपासून त्या हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्यं बनवतात. जंतू मारायचं हत्यारच ते.

इकडे १९५६ मध्ये, हिवतापावरच्या प्रायमाक्वीनने काहींचं रक्त का फुटतं हे शोधताना, अमेरिकेत या एन्झाइमची कमतरता सापडली. १९६३ मध्ये मुंबईच्या बक्षी, बालकृष्णन, उंडेविया आणि संघवी यांनी पारशी समाजातल्या कमतरतेवर लेख प्रसिद्ध केला.

दोन्ही धागे १९७१ मध्ये जुळले. बेनर, नेथन आणि कॅसल यांनी दाखवलं की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींतलं पेरॉक्साइड शेजारच्या तांबड्या पेशींनाही पोचतं. धडधाकट तांबडी पेशी ते पचवते. एन्झाइम कमी असेल तर तिचं हिमोग्लोबिन बिघडतं, गुठळ्या होतात, पेशी फुटते. म्हणजे औषध नको, शेंग नको, नुसता जंतूंचा ताप पुरे! घर राखायला पेटवलेल्या मशालीची ठिणगी आपल्याच गवताला लागावी, तसं.

ही कमतरता मुलाला आईकडून येते, हे खरं. पण कोणती आई ती निवडून देते?

गंमत बघा. १९७८ मध्ये हे उत्तर छापून सात वर्षं झाली होती. चिरनेरच्या त्या चुलीपर्यंत ते आलंच नाही. माऊली तो आळ मनात घेऊनच गेली.

मुलगा आता साठीकडे झुकलाय. गेल्या हिवाळ्यात त्याला हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, आईला कळायला हवं होतं."

माझ्यापाशी याला उत्तर नव्हतं. असो. तुमच्याही घरात असा एखादा जुना आळ असेल, तर एकदा तपासून बघा.