वास्तुविक्रय आणि दोषकथन : एक ऐतिहासिक विचार

घर बांधावे ते पुढील पिढ्यांसाठी आणि विकावे ते केवळ नाइलाजाने, अशी आपल्याकडील जुनी समजूत. गेल्या काही दशकांत बीड जिल्ह्यातील आपल्या पुष्कळ कुटुंबांवर हा नाइलाज ओढवला आहे. मुले नोकरी-व्यवसायानिमित्त पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे स्थायिक झाली. गेवराई, माजलगाव, धारूर, अंबाजोगाई येथील वडिलार्जित वाडे कुलूपबंद पडले आणि एकामागून एक विक्रीस निघू लागले. अशा वेळी किंमत, दलाली व मुद्रांकशुल्क यांची चर्चा घरोघर होते. परंतु वास्तूत जे वैगुण्य आहे ते घेणाऱ्यास सांगावे की नाही, याची चर्चा सहसा होत नाही. यास्तव या प्रश्नाचा पूर्वेतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी व अर्थशास्त्रकारांनी या विषयाचा विचार फार पूर्वी केला आहे. कौटिल्याने वास्तुविक्रयाचे स्वतंत्र विवेचन केले असून, विक्री त्या घरासमोर, आसपासच्या चाळीस कुळांच्या समक्ष, सीमा यथार्थपणे पुकारून करावी असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तर सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा ही विख्यात टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याण नगरीत रचली. ते कल्याण म्हणजे मराठवाड्याच्या सीमेलगतचे आजचे बसवकल्याण होय. भूमीच्या हस्तांतरास ग्राम, ज्ञाती, शेजारी व दायाद यांची अनुमती आणि सुवर्ण व उदक यांचे दान, अशी सहा अंगे तेथे दिली आहेत. ग्रामाची अनुमती व्यवहार प्रकट व्हावा म्हणून आणि शेजाऱ्यांची अनुमती सीमेचा तंटा मिटावा म्हणून, असा तिचा हेतूही विज्ञानेश्वराने उलगडून दाखविला आहे. विक्री ही चार डोळ्यांआड करावयाची गोष्ट नव्हे, हे या सर्वांमागील सूत्र आहे.

मराठेशाहीतही हेच सूत्र दिसते. मिरासीची खरेदी-विक्री गोतापुढे होई. पाटील, कुलकर्णी व बलुतेदार यांची साक्ष पडे. पुढे कोणी भाऊबंद हरकत घेऊन उभा राहिला तर ती निवारण्याची हमी विकणारा लिहून देई. कोणत्या घरात पावसाळ्यात पाणी शिरते, कोणत्या ओसरीखाली जुने पेव आहे, कोणत्या भिंतीवर दोन भावांचा वाद आहे, हे साक्षीस बसलेल्यांस ठाऊकच असे. दोष सांगण्याचे अर्धे काम गावच करीत असे. ही व्यवस्था सर्वांस सारखी न्यायी होती असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. गावकुसाबाहेर ज्यांची वस्ती होती त्यांचा शब्द तिच्यात कितपत मोजला जाई, हे सांगावयास नको.

गावच्या साक्षीची जागा पुढे कागदाने घेतली. बीड हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला व 1960 मध्ये महाराष्ट्रात. निजामी अमदानीतील पुष्कळ कागद उर्दूत व फसली सनाचे, काही मोडीत. आज ते ज्यांच्या पेटीत आहेत त्यांतील बहुतेकांस वाचता येत नाहीत. त्यातच देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या इनामी जमिनींचे स्वरूप निराळे. 1954 चा हैदराबाद इनाम व रोख अनुदाने निर्मूलन कायदा झाला खरा. परंतु सेवेच्या इनामी जमिनींवरील निर्बंध त्याने सरसकट उठले नाहीत. अशा जमिनीवर उभे असलेले घर वरून कितीही देखणे असो, त्याच्या पायातच दोष आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरील नाव घरपट्टी कोण भरतो एवढेच दाखविते. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हेही अनेकांस व्यवहार उरकल्यावर कळते.

या प्रश्नाने पाश्चात्त्यांसही सतावले आहे. रोमन पंडित सिसेरो याने एक खटला नमूद केला आहे. क्लॉडियस नामक गृहस्थाच्या उंच घरामुळे शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या दृष्टीस आडकाठी होई, म्हणून त्यांनी वरचा भाग पाडण्याची आज्ञा दिली. त्याने ती आज्ञा लपवून घर विकले. घेणाऱ्यावर तीच आज्ञा बजावली गेली, तेव्हा विकणाऱ्यास दोष ठाऊक असता तो न सांगितल्याबद्दल नुकसानभरपाई द्यावी, असा निवाडा मार्कस केटो याने दिला. उलट, घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावे, हा इंग्रजी कायद्याचा जुना दंडक होता.

आपल्याकडील कायद्यात या दोन्ही विचारांचा मेळ आहे. 1872 च्या करार कायद्यातील एक उदाहरण मोठे मार्मिक आहे. लिलावात रोगट घोडा विकणारा गप्प राहिला तर ते कपट नव्हे. परंतु घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली कन्या असेल, तर नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. घराविषयी मात्र 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा अधिक कडक आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे, मालमत्तेतील वा मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही आणि साधारण दक्षतेने त्याच्या ध्यानी येण्याजोगा नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. विरुद्ध करार नसता असे मौन हे कपटच होय. म्हणजे घोडा विकताना जे केवळ कन्येशी कर्तव्य होते, ते घर विकताना परक्याशीही आहे.

साधारण दक्षतेने न दिसणारे दोष आपल्या जिल्ह्यात कोणते? पहिला भिंतीचा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने शेजारच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत दाखवून दिले की, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे हीच घराची सर्वांत मोठी दुर्बलता असू शकते. तशाच बांधणीचे वाडे आपल्याकडेही आहेत. तुळईस लागलेली वाळवी वा भिंतीची भेग रंगाखाली झाकून टाकणे एका दिवसाचे काम आहे. दुसरा दोष पाण्याचा. जुलै 1989 मध्ये बिंदुसरेच्या पुराने बीड शहरात प्राणहानी व वित्तहानी केली. उन्हाळ्यात कोरडे पात्र पाहून घर घेणाऱ्या परगावच्या माणसास, पाणी कोठवर आले होते हे कसे कळावे? तिसरा दोष हक्काचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत अधिक लपविला जातो. महाराष्ट्राने 1994 मध्ये व केंद्राने 2005 मध्ये कन्येस वडिलार्जित मिळकतीत पुत्राप्रमाणे जन्मतः हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो अधिक स्पष्ट केला. तरीही बहिणींस न विचारता भावांनी वाडा विकावयास काढणे थांबलेले नाही. अशा वेळी घेणाऱ्याशी कपट होते आणि बहिणीवर अन्यायही होतो.

2016 चा स्थावर संपदा कायदा बांधकाम व्यावसायिकांस लागू आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष आढळल्यास त्याने तो दुरुस्त करून द्यावयाचा आहे. परंतु एका कुटुंबाने दुसऱ्यास जुने घर विकले तर हा कायदा मदतीस येत नाही. पूर्वीचे गोत उरले नाही, शेजारी पांगले. तेव्हा सांगण्याचे सारे ओझे आता एकट्या विकणाऱ्याच्या शिरावर आले आहे.

आपापसांतील व्यवहारात ज्ञातिबांधव बहुधा सचोटीने वागतात, याचा आम्हांस संतोष आहे. परंतु घेणारा परजातीचा वा परगावचा असला म्हणजे काही जिभा जड होतात, हेही नाकारता येत नाही. कायद्याने घेणाऱ्याची जात विचारलेली नाही. आपणही विचारू नये. यास्तव आमची सूचना अशी की, वाडा विकण्यापूर्वी घरातील सर्व भावाबहिणींनी एकत्र बसावे. जुने कागद जाणकाराकडून वाचवून घ्यावेत. भिंत, पाणी व हक्क या तिन्हींविषयी जे ठाऊक आहे ते मराठीत लिहून काढावे आणि तो कागद खरेदीखतास जोडावा. त्यायोगे किंमत थोडी उतरेल. परंतु ज्या ओट्यावर आपले आजे-पणजे बसले, त्या ओट्यावरून जाताना उद्या आपल्या नातवंडांस मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी ती तूट सोसण्यास आपल्या समाजाने कचरू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.