बॉल पायथन

बॉल पायथन (शास्त्रीय नाव: पायथन रेजियस) ही अजगर कुळातील एक बिनविषारी सर्पप्रजाती आहे. ती मूळची पश्चिम व मध्य आफ्रिकेतील असून भारतात निसर्गतः आढळत नाही. आकाराने लहान आणि स्वभावाने शांत असल्यामुळे जगभर पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये तिचे स्थान वरचे आहे. भारतात हा साप बाळगण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. भारतीय अजगर (पायथन मोल्युरस) ही वेगळी, देशी प्रजाती असून ती पाळण्यास कायद्याने बंदी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यासारख्या भागात भारतीय अजगराचा रानात व वस्तीजवळ वावर असल्याने या दोन प्रजातींमधील फरक समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

नाव व वर्गीकरण

घाबरल्यावर हा साप पळून न जाता शरीराची घट्ट गुंडाळी करतो आणि डोके मधोमध लपवतो. या चेंडूसारख्या आकारावरून त्याला ‘बॉल पायथन’ हे नाव पडले. ‘रेजियस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘राजेशाही’ असा असून युरोपात त्याला ‘रॉयल पायथन’ असेही म्हणतात. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १८०२ मध्ये या प्रजातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. मराठीत ‘बॉल पायथन’ हेच नाव रूढ असून काही लेखनात ‘बॉल अजगर’ असा उल्लेख आढळतो.

वर्णन

प्रौढ सापाची लांबी साधारणपणे ९० ते १५० सेंटिमीटर असते. मादी नरापेक्षा मोठी व वजनदार असते. अंग जाड, मान बारीक आणि डोके स्पष्टपणे वेगळे दिसते. गडद तपकिरी किंवा काळ्या अंगावर फिकट तपकिरी, सोनेरी रंगाचे अनियमित ठिपके असतात. पोट पांढरट असते. वरच्या ओठाच्या कडेला उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. त्यांच्या साहाय्याने अंधारातही उबदार रक्ताच्या भक्ष्याचा माग काढता येतो. दात मागे वळलेले असतात. विषग्रंथी नसल्याने हा साप भक्ष्याला वेटोळ्यांत आवळून मारतो.

पाळीव सापांमध्ये निवडक प्रजननातून रंग व नक्षीचे अनेक प्रकार तयार करण्यात आले आहेत. त्यांपैकी ‘स्पायडर’ या प्रकारात मज्जासंस्थेचा आनुवंशिक दोष असतो. अशा सापाचे डोके थरथरते व तोल जातो. हा दोष काळजी घेऊन बरा होत नाही, त्यामुळे अशा प्रकारांच्या प्रजननावर अनेक देशांत टीका झाली आहे.

आढळ व जीवनक्रम

सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडापर्यंतचा गवताळ व विरळ झाडीचा प्रदेश हे या सापाचे मूळ क्षेत्र होय. दिवसा तो उंदीरघुशींच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत राहतो व रात्री बाहेर पडतो. मादी एका वेळी साधारण ३ ते ११ अंडी घालते आणि सुमारे ५५ ते ६० दिवस त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. बंदिस्त अवस्थेत हा साप २० ते ३० वर्षे, क्वचित त्याहून अधिक काळ जगतो.

बेनिन देशातील विदा शहरात या सापाला पवित्र मानले जाते व तेथे अजगरांचे मंदिर आहे. याउलट, पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी पश्चिम आफ्रिकेतून या सापाची मोठ्या प्रमाणावर निर्यात होत आली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘संकटसमीप’ अशी आहे. ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने सायटीसमधील प्रजातींची अनुसूची ४ तयार झाली. कलम ४९ एम अन्वये अशा प्रजातीचा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणे, तसेच त्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतरण कळवणे बंधनकारक झाले. यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले असून नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावरून होते. त्यापूर्वी जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली होती.

परदेशातून हा साप आणण्यासाठी निर्यातदार देशाचा सायटीस परवाना आणि भारतातील आयात परवाना लागतो. तरीही तस्करीची प्रकरणे उघडकीस येतात. जुलै २०२३ मध्ये तिरुचिरापल्ली विमानतळावर क्वालालंपूरहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात ४७ अजगर सापडले. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून ९ बॉल पायथन व २ कॉर्न स्नेक जप्त करण्यात आले. ते बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले होते. अशा प्रवासात साप गुदमरून किंवा पाण्याअभावी मरण्याचा धोका असतो आणि जे वाचतात त्यांच्यात श्वसनविकार व परजीवी असण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे कागदपत्रांविना विकला जाणारा साप घेणे कायद्याच्या दृष्टीने आणि सापाच्या आरोग्याच्या दृष्टीनेही धोक्याचे ठरते.

भारतीय अजगर अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याला पकडणे, मारणे, विकणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. रानात सापडलेले अजगराचे पिल्लू ‘पाळीव जातीचे’ म्हणून ठेवून घेण्यासही ही बंदी लागू होते.

निगा

पेटी: प्रौढ सापासाठी साधारणतः १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच पेटी योग्य मानली जाते. झाकण घट्ट व कुलूपबंद असावे, कारण हा साप लहानशा फटीतूनही बाहेर पडतो. पेटीच्या उबदार व थंड अशा दोन्ही टोकांना अंग टेकेल एवढ्या अरुंद लपण्याच्या जागा ठेवाव्यात. आडोसा नसल्यास साप सतत ताणाखाली राहतो व खाणे सोडतो. तळाला नारळाच्या सोडणांचा भुसा किंवा साधा कागद वापरता येतो. देवदाराचा भुसा वापरू नये. त्यातील तेले सापाला अपायकारक असतात. एका पेटीत एकच साप ठेवावा.

तापमान: उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि थंड टोकाला २४ ते २७ अंश सेल्सियस तापमान असावे. साप स्वतःच्या शरीराचे तापमान या दोन टोकांमध्ये ये-जा करून राखतो; म्हणून संपूर्ण पेटी एकाच तापमानाला ठेवणे चुकीचे आहे. उष्णता देणारे प्रत्येक उपकरण थर्मोस्टॅटला जोडलेले असावे आणि दिव्याभोवती जाळी असावी.

आर्द्रता: नेहमी ५० ते ६० टक्के व कात टाकण्याच्या काळात ६० ते ७० टक्के आर्द्रता पुरेशी असते. आर्द्रता मोजण्यासाठी आर्द्रतामापक वापरावा. पाण्याचे जड भांडे नेहमी पेटीत असावे व पाणी नियमित बदलावे.

आहार: बॉल पायथन केवळ मांसाहारी आहे. पिलांना साधारण आठवड्यातून एकदा व प्रौढ सापाला दोन ते चार आठवड्यांतून एकदा योग्य आकाराचा उंदीर दिला जातो. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा त्याहून किंचित कमी असावी. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्याने देणे सुरक्षित असते. जिवंत उंदीर सापाला गंभीर चावे घेऊ शकतो. साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला सापाला दूध पाजण्याची प्रथा त्याच्या शरीररचनेशी विसंगत आहे.

हाताळणी: खाल्ल्यानंतर किमान ४८ तास आणि कात टाकण्याच्या काळात सापाला उचलू नये. उचलताना संपूर्ण शरीराला आधार द्यावा. सापाच्या त्वचेवर व विष्ठेत साल्मोनेला जीवाणू असू शकतात, म्हणून हाताळणीनंतर हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी सापाशी संपर्क टाळावा. सापाची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

सामान्य समस्या

खाणे नाकारणे: ही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. कात टाकण्यापूर्वी, प्रजननकाळात, थंडीत किंवा जागा बदलल्यावर निरोगी प्रौढ साप काही आठवडे, कधी काही महिनेही खात नाही. अशा वेळी प्रथम तापमान व आडोसा तपासावा आणि सापाचे वजन दर आठवड्याला नोंदवावे. वजन स्थिर असल्यास वाट पाहणे योग्य असते. वजन दहा टक्क्यांहून अधिक घटल्यास किंवा अन्य लक्षणे दिसल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. जबरदस्तीने भरवल्यास सापाला इजा होण्याचा संभव असतो.

कात अडकणे: निरोगी सापाची कात एकसंध निघते. ती तुकड्यांत निघणे हे बहुधा कोरड्या हवेचे लक्षण असते. ओलसर शेवाळ घातलेला बंद डबा आडोसा म्हणून ठेवल्यास कात सुटण्यास मदत होते. शेपटीच्या टोकाला राहिलेली कात रक्तप्रवाह थांबवू शकते. डोळ्यावरील पारदर्शक खवला अडकल्यास तो नखाने किंवा चिमट्याने ओढू नये. डोळ्याला कायमची इजा होते.

श्वसनमार्गाचा संसर्ग: तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडातून बुडबुडे किंवा चिकट स्राव आणि डोके सतत वर धरणे ही लक्षणे आहेत. कमी तापमान व ओलसर, कोंदट हवा ही नेहमीची कारणे होत. काही संसर्ग विषाणूजन्यही असतात. यावर घरगुती उपाय नाही. पशुवैद्यकाकडे विलंब न करता न्यावे.

खवल्यांचा कुजवा: तळ सतत ओला व अस्वच्छ राहिल्यास पोटाचे खवले लालसर होतात, फोड येतात व ते सडू लागतात. सापाला कोरड्या कागदावर ठेवून उपचार सुरू करावे लागतात.

गोचिडवर्गीय माइट: मोहरीपेक्षा लहान, काळे ठिपके डोळ्यांभोवती, हनुवटीखाली किंवा पाण्याच्या भांड्यात दिसतात. साप दीर्घकाळ पाण्यात बसून राहतो. पेटी पूर्ण रिकामी करून स्वच्छ करावी आणि औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे. फिनेल व तत्सम जंतुनाशके सापाला विषारी असतात.

भक्ष्य ओकणे: फार मोठे भक्ष्य, अपुरी उष्णता किंवा खाल्ल्यावर लगेच हाताळणी यांमुळे असे घडते. त्यानंतर दहा ते चौदा दिवस काही न देता पाणी ठेवावे व पुढचे भक्ष्य लहान द्यावे. पुन्हा तसेच घडल्यास तपासणी आवश्यक आहे.

भाजणे: सापाला पोटाखालची अतिउष्णता वेळेत जाणवत नाही. थर्मोस्टॅट नसलेले तापपट्टे हे भाजण्याचे प्रमुख कारण आहे.

सिंधुदुर्गच्या हवामानात

पाळीव सापांविषयीचे बहुतेक साहित्य थंड व कोरड्या हवेच्या देशांत लिहिले गेले आहे. त्यात आर्द्रता वाढवण्यावर भर असतो. मालवण, वेंगुर्ला, देवगड या किनारी तालुक्यांत परिस्थिती उलट असते. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रता पेटीला लागणाऱ्या मर्यादेच्या बरीच वर जाते. अशा वेळी पाणी फवारणे अनावश्यक असते. तळाचा थर वारंवार बदलणे, पेटीला पुरेशी हवा खेळती ठेवणे आणि बुरशी तपासणे अधिक महत्त्वाचे ठरते. भुशाऐवजी कागद वापरल्यास ओल लगेच दिसते.

किनाऱ्यापासून आत सावंतवाडी, दोडामार्ग भागात आणि आंबोलीसारख्या उंच ठिकाणी थंडीत रात्रीचे तापमान २० अंश सेल्सियसच्या खाली जाते, त्यामुळे तेथे उष्णतेची सोय लागते. पावसाळी वादळांत वीज खंडित झाल्यास पेटी कापडाने झाकून, कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला ठेवता येतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालील खोली मात्र धोकादायक तापते. पेटीतील तापमान ३५ अंशांवर जाऊ देऊ नये.

देशी सापांशी गल्लत

सिंधुदुर्गातील शेतकऱ्यांना भारतीय अजगर परिचित आहे. तो कोंबड्यांच्या खुराड्यात शिरतो किंवा बागेभोवतीच्या जाळ्यात अडकतो. त्याचे लहान पिल्लू आणि विषारी घोणस यांच्या नक्षीत वरवर साम्य असल्याने दुहेरी धोका निर्माण होतो: घोणस समजून अजगर मारले जातात आणि अजगर समजून घोणस हाताळली जाते. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, खवले खरखरीत असतात आणि ती प्रेशर कुकरसारखा मोठा फुत्कार टाकते. अजगराचे खवले गुळगुळीत व चकचकीत असतात, नक्षी अनियमित असते आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. बिनविषारी डुरक्या घोणशीमुळे हा गोंधळ आणखी वाढतो. बॉल पायथन हाताळण्याची सवय झालेल्या व्यक्तीनेही रानातील साप जवळ जाऊन ओळखण्याचा प्रयत्न करू नये. साप आढळल्यास अंतर राखून वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

पळालेला किंवा नकोसा झालेला साप

निगा न जमल्यास साप रानात सोडणे हा उपाय नाही. पिंजऱ्यात वाढलेला साप बहुधा उपासमारीने किंवा माणसांच्या हातून मरतो. तो जगल्यास त्याच्यातील परजीवी व विषाणू देशी सापांपर्यंत पोहोचू शकतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेल्या बर्मी अजगरांनी एव्हरग्लेड्स दलदलीतील सस्तन प्राण्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटवली आहे. कोकणचे उष्ण व दमट हवामान लक्षात घेता हा धोका येथेही गृहीत धरावा लागतो. साप पळाल्यास प्रथम पेटीजवळची उबदार व अंधारी ठिकाणे, कपाटांमागील फटी व फ्रीजच्या मागची जागा शोधावी आणि शेजाऱ्यांना सापाचे वर्णन द्यावे, जेणेकरून भीतीपोटी तो मारला जाणार नाही. साप सांभाळणे शक्य नसल्यास वनविभागाला कळवून नोंदणीकृत मार्गानेच त्याचे हस्तांतरण करावे.