नौगावचे पोद्दार आणि कुंडीतील रोप

भांगेच्या झाडात नर व मादी वेगळी असतात आणि उत्तम गांजा परागण न झालेल्या मादीच्या फुलोऱ्याचा. म्हणून बंगालमधील नौगावचे (आता बांगलादेशात) शेतकरी पोद्दार नेमीत. हे जाणकार शेतातून फिरून नर झाडे ओळखून उपटवीत. हेमचंद्र कर यांनी १८७७ मध्ये या शेतीवर सविस्तर अहवाल लिहिला.

मादी झाडाची फांदी कापून मुळे फुटू दिली, तर नवे रोपही मादीच निघते. पोद्दाराचे कामच उरत नाही. सरकारला मात्र शेती उघड्यावर असणेच सोयीचे होते. परवाना शेताला, माल गोदामात, कर वजनावर. १८९३-९४ च्या आयोगाने ११९३ साक्षी तपासून बंदी नाकारली, पण परवान्याविना लागवड नको म्हटले. त्यात मला उदारमतापेक्षा हिशेब अधिक दिसतो. परसातल्या झाडावर कर कोण बसवणार?

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने हिशेब सोडून दंड स्वीकारला. गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया वगळल्या. म्हणून भांग सुटली. लागवडीच्या मनाईत मात्र या जातीचे कोणतेही झाड येते. त्यामुळे कुंडीत रुजवलेली, एकही फूल न आलेली फांदी हासुद्धा गुन्हाच. २००१ च्या दुरुस्तीनंतर कमाल शिक्षा दहा वर्षांची. त्याच झाडाची खुडलेली पाने गांजा ठरत नाहीत. वाराणसीतील परवानाधारक दुकानात भांग घेणाऱ्याला हा भेद कोणी सांगत नाही.