भिंतीवरच्या चित्राची मजुरी

आज आपण भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायांचा इतिहास बघणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमच्या बचतीच्या, कर्जाच्या, शेळीपालनाच्या गोष्टी सोडून हे चित्रांचं काय मधेच काढलं? पण शेवटपर्यंत ऐका. ही गोष्ट मजुरीची आहे आणि नावाची आहे, म्हणजे आपलीच आहे.

आधी आपल्या परभणीकडच्या घरांपासून सुरुवात करू. मातीची घरं होती तेव्हा भिंती लिंपायच्या कुणी? बायांनी. पांढरी माती भिजवायची, शेण कालवायचं, पोतेरा फिरवायचा, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. पंचमीला भिंतीवर नाग काढायचे, तेही बायांनीच. आणि त्याच घरात लग्न निघालं की भिंत रंगवायला पेंटर यायचा. दारावर गणपती, दोन बाजूंना भालदार-चोपदार, केळीचे खांब, वर नवरा-नवरीचं नाव आणि ‘शुभ विवाह’. चित्र झालं की पेंटर पैसे मोजून घ्यायचा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नावही टाकायचा. पेंटरनं पैसे घेतले यात काही चूक नाही, कामाचे पैसे घ्यायलाच हवेत. पण भिंत तीच. बाईनं केलं ते घरकाम झालं आणि पेंटरनं केलं तो धंदा झाला. हा फरक कुठून आला?

भिंतीवर चित्रं काढून घेण्याची चाल फार जुनी आहे. अजिंठा तुमच्यातल्या कितीतरी जणींनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. तिथलं सोळा नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात करवून घेतलं. हे आपल्याला कळतं, कारण त्यानं तसा लेख दगडात कोरून ठेवला आहे. काम सांगणाऱ्याचं नाव दीड हजार वर्षं टिकलं. आत भिंतीवर ज्यांनी ती सुंदर चित्रं काढली त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

आता आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडच्या पालघर जिल्ह्यात जाऊ. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागात वारली आदिवासी राहतात. त्यांच्याकडे लग्नाआधी घरातल्या भिंतीवर चौक काढावा लागतो. चौक नाही तर लग्न नाही, इतका त्याचा मान. कुडाची भिंत शेणमातीनं सारवून त्यावर गेरू देतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करतात. बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ केलं की झाला कुंचला. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते आणि भोवती झाडं, माणसं, जनावरं. हा चौक काढायचा सवाष्णींनी. आणि लग्न लावते तीही बाईच. तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणत लग्न लावते. म्हणजे चित्र बायांचं आणि मंत्रही बायांचेच.

अशीच चाल तिकडे बिहारमध्ये, मिथिला भागात आहे. मधुबनी हा तिथला जिल्हा. लग्न झालं की नवरा-नवरीला ज्या खोलीत ठेवतात तिला कोहबर म्हणतात. त्या खोलीच्या भिंतीवर घरच्या बाया कमळ, बांबू, मासे, पोपट, देवदेवता काढतात. आई लेकीला शिकवते, सासू सुनेला. ही चित्रं बाहेरच्यांना माहीतही नव्हती. 1934 च्या जानेवारीत बिहारला मोठा भूकंप झाला, घरांच्या भिंती पडल्या, तेव्हा आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या घरांच्या आतली चित्रं दिसली. त्यानं फोटो घेतले आणि पुढे 1949 मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. घर पडलं तेव्हा कुठे बाईचं काम लोकांच्या नजरेला पडलं.

या दोन्ही ठिकाणांना जोडणारा एक मराठी माणूस आहे, मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. 1966-67 साली बिहारमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी अखिल भारतीय हस्तकला मंडळाचं काम पुपुल जयकर पाहत होत्या. दुष्काळात रस्ता खोदणं, दगड फोडणं अशी कामं निघतात, हे आपल्याला 1972 च्या दुष्काळावरून ठाऊक आहे. तिथे एक वेगळं काम निघालं. बायांना कागद द्यायचा, भिंतीवर काढतात तेच त्यांनी कागदावर काढायचं आणि मंडळानं ते विकत घ्यायचं. हे जमवून आणायला कुलकर्णींना मधुबनीला पाठवलं. ते जितवारपूर, रांटी अशा गावांत गेले आणि कागद थेट बायांच्या हातात दिला. बाईला उंबरा ओलांडून लांब जावं लागलं नाही. काम तिच्या दारात आलं.

पुढे काय झालं बघा. 1975 मध्ये जितवारपूरच्या जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. 1981 मध्ये सीता देवींना, 1984 मध्ये गंगा देवींना. नंतर महासुंदरी देवी, बौआ देवी, गोदावरी दत्त. सगळ्या बायाच. यातलं मला सगळ्यात भावणारं नाव दुलारी देवींचं आहे. त्या मासेमारी करणाऱ्या मल्लाह समाजाच्या. रांटी गावात महासुंदरी देवींच्या घरी त्या धुणीभांडी करायच्या. काम करता करता चित्र बघायच्या, मग शिकल्या, आणि 2021 मध्ये त्याच दुलारी देवींना पद्मश्री मिळाली.

बिहारनंतर, सत्तरच्या दशकात, हेच कुलकर्णी वारली पाड्यांवर आले. इथेही कागद आला. पण इथे गोष्ट वेगळी वळली. ज्यांचं नाव सगळ्यांत आधी झालं ते होते जिव्या सोमा म्हसे, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांची कला खरोखर मोठी होती. लहानपणी आई गेली आणि या पोराचं बोलणंच बंद झालं. तो मातीत रेघा ओढून मनातलं सांगायचा. मोठेपणी त्यांनी लग्नाच्या चौकाबाहेर पडून शेत, मासेमारी, नाच, मुंग्यांची वारुळं असं सगळं जग चित्रात आणलं. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परदेशात प्रदर्शनं झाली. 2018 मध्ये ते गेले. त्यांच्यामागून पुष्कळ तरुण मुलं चित्रं काढायला लागली. आज हॉटेलच्या, ऑफिसच्या, स्टेशनच्या भिंतीवर वारली चित्र दिसतं. पाड्यावरच्या कितीतरी घरांत त्यामुळे चूल पेटते, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण एक गोष्ट डोळ्यांआड करू नका. 2011 साली मिथिलेच्या महासुंदरी देवी आणि वारलीचे जिव्या म्हसे, दोघांनाही पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे कला मुळात बायांची, दोन्हीकडे कागद नेणारा माणूस एकच. मिथिलेत नावं झाली ती बायांची. वारलीत पहिलं मोठं नाव पुरुषाचं, आणि चौक काढणाऱ्या सवाष्णींची नावं आपल्याला कुणी सांगत नाही. आता वारली मुली, बायाही कागदावर, कापडावर, भिंतीवर काढतात, पण त्यांना मागून यावं लागलं.

असं का व्हावं? मला वाटतं, फरक हात चालण्याचा नव्हता. पैशाचं काम आलं की त्याबरोबर बाकीच्या गोष्टी येतात. मुंबई-दिल्लीला जायचं, साहेबाशी बोलायचं, भाव ठरवायचा, सही करायची, चार दिवस घर सोडून मुक्काम करायचा. मिथिलेत सुरुवातीला या गोष्टी बाईच्या दारात आल्या. जिथे त्या दारात येत नाहीत, तिथे ज्याला घर सोडून जाता येतं त्याच्या हाती काम जातं. आपल्याकडे दुधाचं असंच नाही का झालं? शेण, चारा, धार बायांकडे, आणि डेअरीचं खातं कारभाऱ्याच्या नावावर.

मिथिलेच्या बायांचंही सगळं गोड झालं असं समजू नका. गंगा देवींनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात भिंतीवर अख्खं कोहबर काढलं होतं. त्या वेळी त्यांना कर्करोग झालेला होता. 1991 मध्ये त्या वारल्या. पुढे 2015 च्या सुमारास त्या इमारतीच्या दुरुस्तीत ते कोहबर नष्ट झालं. आणि 2017 मध्ये मधुबनीच्या रेल्वे स्टेशनच्या भिंती शंभराहून जास्त कलाकारांनी रंगवल्या, हजारो चौरस फूट. देशभर कौतुक झालं. 2018 मध्ये रेल्वेच्या सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत पहिला नंबर आपल्या चंद्रपूर-बल्लारशाहचा आला आणि दुसऱ्या नंबरात मधुबनी होतं. पण मधुबनीचं ते काम श्रमदान होतं. श्रमदान चांगलंच, आपणही गावासाठी करतो. तरी विचारावंसं वाटतं की स्टेशनची फरशी बसवणारा, वायरिंग करणारा श्रमदान करतो का?

हे मी का विचारते, तर आता भिंती रंगवायचं काम आपल्या गावातही आलं आहे. शाळेच्या भिंतीवर पाढे आणि नकाशा, अंगणवाडीवर फळं-भाज्या, पंचायतीच्या भिंतीवर स्वच्छतेचे संदेश. आमच्या भागातल्या एका गटातल्या पाच जणींना एका अंगणवाडीची भिंत रंगवायला बोलावलं. रांगोळी चांगली काढता, तर एवढं करा म्हणाले. बायांनी तीन दिवस उन्हात उभं राहून मोर, झाडं, मुलं, वारली नाच काढला. रंग मिळाला, चहा मिळाला, उद्घाटनाला एक गुलाबाचं फूल मिळालं. वरची दोन ओळींची पाटी लिहायला पेंटर आला, त्याला पैसे मिळाले. पाटीवर सरपंचांचं नाव, सदस्यांची नावं. गटाचं नाव नाही. त्यातली एक मावशी मला म्हणाली, “ताई, पैशाचं जाऊ द्या, पण आम्ही काढलं एवढं तरी लिहायचं.” मी म्हटलं, मावशी, पैशाचंही जाऊ द्यायचं नाही.

नावाचं म्हणाल तर कायदा आपल्या बाजूनं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 57 वं कलम सांगतं की चित्र विकलं तरी ते आपण काढलं हे सांगण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांनी सरकारच्या सांगण्यावरून 140 फूट लांबीचं मोठं भित्तिशिल्प केलं होतं. 1979 मध्ये ते काढून गोदामात टाकलं, त्याचे तुकडे झाले. सेहगल कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला की उरलेलं शिल्प त्यांना परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. पैसे देऊन करून घेतलेलं काम होतं, तरी करणाऱ्याचा हक्क संपला नव्हता.

तर पुढच्या वेळी कुणी भिंत रंगवायला बोलावलं तर काय करायचं? आधी टेप घेऊन भिंत मोजायची. 20 फूट लांब आणि 8 फूट उंच म्हणजे 160 चौरस फूट. जवळच्या दोन-तीन पेंटरांना चित्राचा भाव विचारायचा. समजा चौरस फुटाला 30 रुपये ठरले, तर 4800 रुपये झाले. रंग, ब्रश, प्रायमर कुणी आणायचं हे आधीच बोलायचं. आपण आणणार असू तर त्याचे पैसे काम सुरू होण्याआधी घ्यायचे. काम किती, पैसे किती, कधी मिळणार हे कागदावर लिहून सही-शिक्का घ्यायचा. पैसे गटाच्या खात्यावर चेकनं घ्यायचे आणि ज्या जणी जितके दिवस आल्या त्याप्रमाणे वाटायचे. तसा ठराव बैठकीच्या इतिवृत्तात लिहायचा. जिला तान्हं मूल आहे, जिला दुसऱ्या गावाला जाता येत नाही, तिला आपल्याच गावातली भिंत द्यायची, म्हणजे काम तिच्या दारात येईल.

आणि काम संपल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात गटाचं नाव, काढणाऱ्या बायांची नावं आणि साल टाकायचं. रंग थोडा शिल्लक ठेवायचा त्यासाठी. वाचता येईल इतकी मोठी अक्षरं काढा.

येत्या महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाकुणाचा हात चित्राला चांगला आहे त्यांची यादी करा, आणि गावात कुठली भिंत रंगायची आहे ते ग्रामसेवकांना विचारा.