तान्ह्या बाळाची श्रवणपरीक्षा आणि तिच्या पुढचें काम

बारशाच्या दिवशीं आत्या बाळाच्या कानाशीं ओणवी होऊन ‘कुर्रर्’ करते आणि त्याचें नांव सांगते. तें नांव बाळाला ऐकूं गेलें कीं नाहीं, हा प्रश्न पाळण्याभोंवतीं जमलेल्या बायकांपैकीं कोणाच्याहि मनांत येत नाहीं. पाय वांकडा असला तर तो दिसतो, टाळू फाटलेली असली तर तीहि दिसते; कान अधू असल्याची खूण मात्र बाहेरून कांहींच दिसत नाहीं. बहिरें बाळ इतर बाळांसारखेंच रडतें, हंसतें, आईच्या मुखाकडे टक लावून पाहतें आणि पहिले कांहीं महिने हुंकारतेंहि. दर हजार बालकांमागें एक ते तीन बालकें कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मास येतात. अमेरिकेंतील पाहणीप्रमाणें अशा बालकांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिकांचे आईबाप चांगले ऐकणारे असतात. म्हणजे ज्या घरीं असें मूल येतें, त्या घराची बहिरेपणाशीं पूर्वीं ओळखहि नसते.

आज यंत्राच्या साह्यानें एकदोन दिवसांच्या बाळाच्या कानाची परीक्षा अवघ्या कांहीं मिनिटांत करतां येते. त्या यंत्राचा इतिहास मनोवेधक आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याहून महत्त्वाचा इतिहास आहे तो निकाल ऐकून घरीं परतणाऱ्या आईबापांना कोणीं व कसा हात दिला याचा. नवल असें कीं, हा दुसरा इतिहास पहिल्याहून जुना आहे.

बहिऱ्या मुलांना शिकवितां येतें, ही गोष्ट युरोपांत फार पूर्वींच सिद्ध झाली होती. १७६० च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूनें पॅरिस येथें अशा मुलांसाठीं मोफत शाळा काढिली व हातांच्या खुणांच्या द्वारें त्यांस विद्या दिली. आपल्याकडे मुंबईस माझगांव भागांत १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नानें मूकबधिरांची शाळा निघाली. परंतु शाळेंत येणारें मूल बहुधा सहासात वर्षांचें किंवा त्याहूनहि मोठें असे, आणि भाषा कांहीं तोंवर थांबत नाहीं. ऐकणारें मूल पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास पहिला शब्द बोलतें आणि पांच वर्षांचें होईपर्यंत व्याकरणाचा एकहि पाठ न घेतां आपल्या भाषेचे बहुतेक नियम आत्मसात् करतें. बहिरें मूल तीं वर्षें शब्दावांचून काढी. लोक त्याला ‘मुकें’ म्हणत; वस्तुतः त्याचा कंठ शाबूत असे, त्याच्यापर्यंत भाषाच पोंचलेली नसे. शिक्षक कितीहि निष्णात असला तरी गेलेलीं वर्षें परत आणणें त्याच्या हातीं नव्हतें. तीं वर्षें घरांत जात, आणि घरच्यांनीं कसें वागावें हें त्यांना सांगणारें कोणी नव्हतें.

ही उणीव भरून काढणाऱ्यांत एका आईचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. लुईझ ट्रेसी ही रंगभूमीवरील नटी. तिचा पति स्पेन्सर ट्रेसी हा पुढें चित्रपटांतील नामांकित नट झाला. १९२४ सालीं त्यांस जॉन नांवाचा मुलगा झाला. मूल दहा महिन्यांचें असतां, तें निजलेलें असतांनाच घराचें दार जोरानें आपटलें. मूल जागें झालें नाहीं. आईनें नांव घेऊन हांक मारली, तरीहि तें हाललें नाहीं. हा बहिरेपणा बरा होण्याजोगा नाहीं असें वैद्यांनीं सांगितलें. पुढें काय करावें हें सांगणारें मात्र तिला सहजासहजीं भेटलें नाहीं. तिनें स्वतः वाचन केलें, शिक्षकांच्या भेटी घेतल्या आणि मुलाला ओठांच्या हालचालींवरून बोलणें ओळखावयास व स्वतः बोलावयास शिकविलें. १९४२ सालीं लॉस एंजेलिस येथें सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारांतील एका लहानशा घरांत बहिऱ्या मुलांच्या आयांना तिनें एकत्र केलें. त्यांतूनच ‘जॉन ट्रेसी क्लिनिक’ ही संस्था उदयास आली. लांबच्या आईबापांसाठीं या संस्थेनें टपालानें धडे पाठविण्याची प्रथा लवकरच सुरू केली. धड्यांबद्दल पैसा घेतला जात नसे, आणि पुढें ते अनेक भाषांत निघाले. मुलाच्या आधीं आईबापांस शिकवावें, हें या संस्थेचें सूत्र होतें.

त्याच सुमारास इंग्लंडांत मँचेस्टर येथें आयरीन व अलेक्झांडर यूइंग या दांपत्याचें काम चाललें होतें. १९१९ पासून तेथील विद्यापीठांत बधिरांच्या शिक्षकांना शिक्षण देण्याचा विभाग होता. १९४४ सालीं यूइंग दांपत्यानें तान्ह्या मुलांचा कान तपासण्याची एक साधी रीत प्रसिद्ध केली. मूल आईच्या मांडीवर बसवावयाचें. एकानें समोरून त्याचें लक्ष वेधावयाचें आणि दुसऱ्यानें पाठीमागून, मुलाच्या दृष्टीआड राहून, पेल्याच्या कडेवर चमचा फिरविण्यासारखा किंवा पातळ कागद चुरगळण्यासारखा मंद आवाज करावयाचा. आवाजाच्या दिशेनें मूल मान वळवितें कीं नाहीं, एवढेंच पहावयाचें. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका ही परीक्षा ब्रिटनमध्यें कित्येक दशकें करीत असत. तिचा दोष असा कीं मूल मान वळविण्याइतकें मोठें होईपर्यंत, म्हणजे सातआठ महिन्यांचें होईपर्यंत, थांबावें लागे. तिचा गुण असा कीं परीक्षा करणारी बाई त्या घरच्या माणसांच्या ओळखीची असे.

जन्मतःच कान तपासण्याचा ध्यास अमेरिकेंत मॅरियन डाउन्स या बाईंनीं घेतला. डेन्व्हर शहरांतील इस्पितळांतून १९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं हजारों नवजात बालकांना मोठा आवाज ऐकविला आणि पापणी लवते काय, अंग दचकतें काय, याची नोंद करविली. परंतु निजलेलें बाळ आवाजानें हाललें कीं आपसूक, याविषयीं पाहणाऱ्यांतच मतभेद होत. ऐकणारीं बाळें नापास ठरत व न ऐकणारीं पास होऊन घरीं जात. तज्ज्ञांची जी संयुक्त समिति १९६९ सालीं नेमली गेली, तिनें १९७१ मध्यें ही रीत सरसकट वापरूं नये असें मत दिलें. त्यानंतर धोक्याचीं लक्षणें असलेल्या बालकांची यादी ठेवावी, असा मार्ग निघाला: घराण्यांत बहिरेपणा, जन्मतः अतिशय कमी वजन, तीव्र कावीळ वगैरे. तथापि अनुभव असा आला कीं, जन्मतः बहिऱ्या असलेल्या सुमारें निम्म्या बालकांत यांपैकीं एकहि लक्षण नसतें. डाउन्सबाईंना १०० वर्षांचें आयुष्य लाभलें. २०१४ सालीं त्या वारल्या, तेव्हां त्यांच्या देशांत बहुतेक प्रत्येक नवजात बालकाचा कान तपासला जात होता.

हा पालट घडविला तो लंडनच्या डेव्हिड केम्प यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधानें. कान ध्वनि ग्रहण करतो हें सर्वांस ठाऊक होतें. निरोगी कान ध्वनीच्या उत्तरादाखल स्वतःहि एक अत्यंत क्षीण ध्वनि बाहेर टाकतो, हें केम्प यांनीं दाखवून दिलें. बाळाच्या कानांत मऊ बोंडी बसवून बारीक टकटक ऐकवावयाची व परत येणारा हा प्रतिध्वनि सूक्ष्म ध्वनिग्राहकानें टिपावयाचा. बाळानें हालण्याची किंवा मान वळविण्याची गरज उरली नाहीं. ध्वनि ऐकतांना मेंदूकडे जाणाऱ्या विद्युल्लहरी डोक्यावर चिकटविलेल्या चकत्यांनीं मोजण्याची दुसरी पद्धतिहि याच काळांत सिद्ध झाली. १९९३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें बोलाविलेल्या तज्ज्ञसभेनें सर्वच बालकांची परीक्षा व्हावी अशी शिफारस केली.

यंत्र आलें, परंतु त्याचा उपयोग काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचें उत्तर कोलोराडो संस्थानांतून आलें. ख्रिस्टीन योशिनागा-इतानो व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं १५० मुलांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ७२ मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आंत कळला होता व ७८ मुलांचा त्यानंतर. बुद्धीनें सर्वसाधारण असलेल्या मुलांत, आधीं कळलेल्यांची भाषा नंतर कळलेल्यांहून स्पष्टपणें पुढें होती. दोष सौम्य असो वा तीव्र, घर गरीब असो वा संपन्न. हा लेख यंत्राच्या समर्थनार्थ जगभर दाखविला गेला. परंतु त्यांतील एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून सुटली. या मुलांच्या घरीं, दोष कळल्यावर थोडक्याच अवधींत, शिकलेला मार्गदर्शक नियमानें येऊं लागला होता. ही व्यवस्था त्या संस्थानांत सरसकट परीक्षा सुरू होण्यापूर्वींपासून चालू होती. २००० सालीं नेब्रास्कांतील ओमाहा येथील मेरी पॅट मोलर यांनीं ११२ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. पांच वर्षांच्या वयीं मुलाची शब्दसंपत्ति किती, याचा सर्वांत निकटचा संबंध त्यांना घरच्यांच्या सहभागाशीं दिसून आला. सहभाग तुटपुंजा असला तर भाषा मागें पडे, आणि सुरुवातहि उशिरा झालेली असली तर विशेषच.

त्याच वर्षीं उपरोक्त समितीनें एक, तीन व सहा असा नियम घालून दिला: एक महिन्याच्या आंत परीक्षा, तीन महिन्यांच्या आंत निदान, सहा महिन्यांच्या आंत साह्याची सुरुवात. नियम सुटसुटीत होता. पण या पायऱ्यांच्या मधल्या जागींच मुलें हरवूं लागलीं. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेंत पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण न झालेल्या बालकांपैकीं जवळजवळ निम्म्या बालकांचें पुढें काय झालें, याची नोंदच सांपडत नव्हती. कोणाचा पत्ता बदलला, कोणाला प्रवास परवडला नाहीं, कोणाला कोठें जावयाचें तेंच समजलें नाहीं. पुष्कळदां दोष सांगण्याच्या रीतींत होता. कानांत ओल राहिली असली तरी चांगलें बाळ पहिल्या परीक्षेत अडतें. म्हणून ‘बाळ बहिरें आहे’ असें त्या क्षणीं म्हणणें हा अन्याय होय. परंतु ‘कांहीं नाहीं, पाणी असेल’ असें म्हणून आईला निर्धास्त करणें हा त्याहून मोठा अन्याय. कारण ती आई परत येत नाहीं.

निदान पक्कें झाल्यावर आईबापांस वैद्याखेरीज आणखी दोन प्रकारच्या माणसांची गरज असते, हेंहि हळूहळू ध्यानांत आलें. पहिलें माणूस म्हणजे याच अनुभवांतून गेलेले दुसरे आईबाप. १९९६ सालीं कोलोराडोंतच पालकांनीं ‘हँड्स अँड व्हॉइसेस’ ही संघटना काढिली. वाणी कीं खुणांची भाषा या वादांत कोणत्याहि घरावर एक बाजू लादावयाची नाहीं, असा तिचा बाणा आहे. दुसरें माणूस म्हणजे स्वतः बहिरा असलेला प्रौढ मनुष्य. यूटा संस्थानांत १९९० नंतरच्या दशकांत असे प्रौढ बहिऱ्या बालकांच्या घरीं जाऊन साऱ्या कुटुंबाला खुणांची भाषा शिकवूं लागले. बहिरा मनुष्य नोकरी करतो, संसार करतो, विनोद करतो, हें डोळ्यांनीं पाहिलेल्या बापाला वेगळा धीर देण्याची जरूर उरत नाहीं. मिलान येथें १८८० सालीं भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें खुणांची भाषा शाळेंतून हद्दपार केली होती. २०१० सालीं व्हँकूव्हरच्या परिषदेनें ते ठराव अमान्य करून त्यांबद्दल खेद व्यक्त केला. मुलाला श्रवणयंत्र लाभो, कॉक्लिअर इम्प्लांट लाभो कीं खुणांची भाषा लाभो. भाषेवांचून एकहि वर्ष जाऊं नये, हें आतां दोन्ही पक्षांना पटूं लागलें आहे.

आपल्या देशांत म्हैसूरची वाक् व श्रवण संस्था १९६५ सालीं, आणि मुंबईस वांद्रें येथील अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. बधिरता-प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्यें सुरू झाला. २०१३ सालच्या फेब्रुवारींत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ महाराष्ट्रांत पालघर येथेंच झाला, आणि जन्मजात बहिरेपणाचा त्याच्या यादींत समावेश आहे. तरीहि या देशांत जन्मणाऱ्या सर्व बालकांचे कान अजून तपासले जात नाहींत. जेथें तपासले जातात, तेथेंहि निकाल घेऊन आई ज्या घरीं जाते तें घर माणसांनीं भरलेलें असतें. आजी म्हणते, ‘याचा बापहि उशिराच बोलला होता.’ शेजारीण विचारते, ‘ग्रहण पाळलें नव्हतें काय?’ पहिल्या बोलण्यानें वर्ष वायां जातें आणि दुसऱ्यानें आईच्या माथीं नसता दोष येतो. म्हणून आपल्याकडे साह्य द्यावयाचें तें एकट्या आईला देऊन भागणार नाहीं. आजी, आत्या, बाप या सर्वांना समोर बसवून सांगावें लागेल. आणि तें काम शहरांतल्या तज्ज्ञापेक्षां त्या गांवची आशा सेविकाच अधिक चांगलें करूं शकेल, मात्र तिला तसें शिकविलेलें पाहिजे.

एका आईनें १९४२ सालीं आरंभिलेल्या कामाला यंत्राची जोड मिळावयास पन्नास वर्षें लागलीं. आपल्याकडे यंत्र आधीं येत आहे. माणसांची जोड त्याला आपण द्यावयाची आहे. त्यासाठीं इमारती उठविण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. बाळ परीक्षेत अडलें कीं सांगणाऱ्याच्या हातीं त्याच दिवशीं तीन गोष्टी असाव्या: पुढच्या तपासणीची नक्की तारीख, घरीं येणाऱ्या माणसाचें नांव, आणि याच वाटेनें पूर्वीं गेलेल्या, आपण होऊन साह्यास तयार असलेल्या एखाद्या आईची गांठ घालून देण्याची सोय. तीन गोष्टी लिहिलेला तो कागद पदरीं असला, तर आई दुसऱ्या तपासणीला परत येते.